गरम पाण्याच्या तोंडावरची तोटी

माझं तोंड फटकळ हाय हे सगळ्या लातूरला मालूम हाय. पण त्याच तोंडानं एकदा माझा जीव वाचवला, ते आधी ऐका.

सकाळची येळ. मालकांची आंघोळ झालेली, ते पुढच्या खोलीत लिंगपूजेला बसलेले. आता माझी पाळी म्हणून मी लुगडं खांद्यावर टाकून न्हाणीकडं निघाले. तेवढ्यात आमच्या दुकानातला हमाल तुरीचे कट्टे घेऊन आला आन् दारातच आपटायला लागला. मी तिथंच उभी राहून त्याला झाडायला सुरुवात केली. निम्म्याच शिव्या झाल्या असतील, तर मागं धडाम् झालं. पळत जाऊन पाहते तर भिंतीवरच्या गिझरची टाकी फाटलेली, न्हाणीत नुसती वाफ, आन् न्हाणीची मागची भिंत अंगणातल्या हौदावर पडलेली. हौदाला वरून खालपर्यंत भेग. त्यातलं पाणी मोरीकडं धावत होतं.

आपण जित्ते राहिलो ह्याचा आनंद करायचा सोडून मी त्या पाण्याकडं बघून रडायला लागले. मालक उघड्या अंगानं पळत आले, त्यांना वाटलं मी भाजले. मी म्हणलं, "मला काय धाड भरलीय? पाणी गेलं हो, पाणी!"

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, साहेबलोकांना भाड्यानं घरं पाहिजेत म्हणून जो तो माडी चढवून राहिला होता. सगळं आलं, पाऊस तेवढा आला न्हाई. नळ आठ दिवसांनी एकदा यायचा, तेबी घंटाभर. तो हौद मी वीस दिवस खपून भरला होता. घागर घागर आणून, कुणाला तांब्याभर न देता. माझ्या लेकीसाठी.

सिंधु माझी एकुलती एक. दिली नायगावला, नांदेडच्या पल्याड. तिला नववा लागायला आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची चाल. पण विहीणबाई सिद्धम्मा, त्यांनी निरोप धाडला, "लातुरात प्यायला पाणी न्हाई, बाळंतिणीला कशानं न्हाऊ घालणार? सून इथंच राहील." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उलट निरोप धाडला, "हौद काठोकाठ हाय, गिझर लावलाय, बटन दाबलं की गरम पाणी. सोमवारी सुनेला घेऊन या, डोळ्यानं बघा आन् मग ठेवून जा." त्या कबूल झाल्या. आन् गिझर फुटला तो शुक्रवारी.

गिझर बसवला होता मल्लिकार्जुन फिटरनं. ह्याचा बाप तांब्याचे बंब घडवायचा, हा बी त्याच्याच हाताखाली शिकला. जिल्हा झाला तसे बंब मागं पडले आन् साहेबांच्या घरी गिझर आले, तसा हा फिटर झाला. हात गोड, माणूस नेक. पण गिझर लावल्यापासून पाणी तापलं की गरम पाण्याच्या तोंडातून टपटप गळायचं. दुष्काळात थेंब गळताना बघणं म्हणजे काळजाला चिमटा. मी त्याला बोलावून खडसावलं, "हे गळणं बंद कर." तो म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच ना अक्का?" आन् गरम पाण्याच्या तोंडावर त्यानं पितळी तोटी बसवली. बंद केली की थेंब पडंना. मी खुश, तो खुश.

हमालाला पाठवून मी त्याला बोलावून घेतलं. आला, फुटकी भिंत बघितली, टाकीचा पत्रा चाचपला आन् लगेच हात वर केले.

"कंपनीचा माल खराब, अक्का. पत्रा बघा कसा पापडागत हाय."

"पंधरा दिवस काय झालं न्हाई त्याला. तोटी लावून चौथा दिवस."

"मग तोटी तुम्हीच लावायला लावली की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी तोटी लाव म्हणाले? मी म्हणाले गळणं बंद कर. कसं करायचं ते तुझं काम. वैद्याला पोट दुखतंय म्हणून सांगितलं तर औषध कंचं ते पेशंट सांगतं का? मला ते समजत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

आमच्या माडीवर शेषेराव राहायचे, उस्मानाबादहून बदली होऊन आलेले कलेक्टर कचेरीतले कारकून. आरडाओरडा ऐकून ते खाली आले. गिझरच्या खोक्यात एक कागद निघाला होता, तो मी देव्हाऱ्याच्या खाली जपून ठेवला होता. इंग्रजीत होता, म्हणून आमच्यापैकी कुणी वाचला न्हवता. मल्लिकार्जुननं तर तो मला देताना 'कंपनीची जाहिरात हाय' म्हणून दिला होता. मी तो शेषेरावांच्या हातात ठेवला.

त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबले. "इथं ठळक अक्षरात आहे. गरम पाणी निघतं ते तोंड कायम उघडं ठेवावं. त्यावर तोटी बसवू नये. पाणी तापलं की फुगतं, त्याला बाहेर यायला वाट लागते. वाट बंद केली तर टाकी फुटेल." मग कागदावरून मान वर करून म्हणाले, "ते टपटप गळणं म्हणजे बिघाड नव्हता, गुरम्माबाई. ते तसंच गळायला पाहिजे."

मल्लिकार्जुनचं तोंड उतरलं. "बंबाला तर तोटी असतीच की," तो हळूच म्हणाला. "आमच्या बापानं शेकडो बंबांना लावली."

"बंबाचं वरचं तोंड उघडं असतंय, बाबा," मालक म्हणाले. "ह्याला कुठं हाय उघडं?"

 मी तेवढ्यावर सोडणार न्हवते. मी विचारलं, "ही तोटी आणखी कुणाकुणाकडं लावलीस?"

त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. इंजिनेर साहेब, बँकेचे म्यानेजर, दोन वकील, शाळेच्या बाई, असे करत आठ. सगळीकडं गळायचं, ह्याच आठवड्यात सगळीकडं त्यानं तोटी लावली, आन् लोकांनी त्याच्या हुशारीची तारीफ केली. आठव्या बोटाशी थांबला. नववं बोट धरलं आन् माझ्याकडं बघंना.

"नववं घर कुणाचं?"

"अक्का..."

"सांग की मुडद्या!"

"नायगावचं. सिद्धम्माकाकूचं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याला नायगावला मीच धाडलं होतं. विहीणबाईंनी गिझर घेतला तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणाले होते, आमचा मल्लिकार्जुन फिटर तुम्हाला अख्ख्या नांदेडात मिळायचा न्हाई, त्यालाच बोलवा. आन् त्या गिझरखाली माझी पोटुशी पोर रोज आंघोळ करून राहिली होती.

"तिथं तुला कोण म्हणालं होतं गळणं बंद कर म्हणून?" मी विचारलं.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "मीच लावली. चांगलं काम करावं म्हणून."

आता सांगा, राग कुठं न्यावा माणसानं? मघाशी माझ्यावर ढकलून राहिला होता, आता त्याच्या तोंडून त्याचाच कबुलीजबाब पडला. पण मला त्याला धरून बोलायला बी सवड न्हवती. मालक आडतीवर जाऊन फोन लावून आले. नायगावच्या आडत दुकानाचा नंबर काही लागंना. मी सांगून टाकलं, "तुम्ही आन् शेषेराव आठी घरं फिरा. बटन बंद करायला सांगा आन् निवल्याबिगर तोटीला हात लावू नका म्हणावं. मी निघाले नायगावला. हा माझ्यासंगं येतोय."

"मी कशाला?" मल्लिकार्जुन दचकला. "निरोप सांगितला की झालं. लातुरातली घरं मी करतो ना."

"लातुरातली घरं तू करशील म्हणजे गुपचूप जाऊन तोटी काढशील आन् 'वायसर बदलला' म्हणशील. मला मालूम न्हाईस का तू? ती तोटी तू लावली, तूच काढायची. आन् काय काढली ते तुझ्या तोंडानं सांगायचं. चल."

नांदेडची गाडी लागलेलीच होती. गर्दी अशी की एका पायावर अहमदपूर आलं. बाहेर सगळी काळी रानं उघडी पडलेली, जनावरं उभीच्या उभी वाळलेली. अहमदपूरला जागा मिळाली. मल्लिकार्जुननं उतरून चहा आणला, मी घेतला न्हाई. आंघोळ झाली न्हवती, लिंगपूजा झाली न्हवती, पूजेबिगर आमच्यात पाण्याचा घोट बी घेत न्हाईत. तो म्हणाला, "अक्का, पाच घंटे उपाशी बसणार का?" मी म्हणाले, "आंघोळीचं पाणी तूच मोरीत सोडलंस, आता चहा पाजून राहिलास व्हय?" शेजारची बाई फिस्सकन हसली. तो चहा त्यानं बी पिला न्हाई. खिडकीतून ओतून दिला.

लोह्याच्या पुढं तो आपणहून बोलला. "अक्का, मला इंग्रजी येत न्हाई. कुणाला वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. फिटर म्हणून नाव झालं होतं ना."

"मग बंबच करायचे होते."

"बंब कोण घेतंय आता?"

 लाज मला बी होतीच की, तो कागद मी बी कुणाला दाखवला न्हवता. आतून जीव नुसता सिंधुच्या न्हाणीत अडकलेला. मी मनातल्या मनात म्हणून राहिले, देवा महादेवा, नायगावची वीज आज येऊ देऊ नको. एवढ्या दिवसांत तिथं टाकी फुटली न्हाई ती ह्याच एका गोष्टीनं. वीज घंटाभर टिकायची न्हाई, पाणी पुरतं तापायच्या आत जायची.

नांदेडला गाडी बदलली. नायगावला उतरलो तर दिवस कलला होता, आन् स्टँडावरच्या हाटेलात दिवा लखलख जळत होता. मी विचारलं, "कधी आली वीज?" हाटेलवाला खुशीत म्हणाला, "दुपारपास्नं हाय अक्का, आज नशीब उघडलं." माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी ह्या वयात लुगड्याचा ओचा धरून पळाले. मल्लिकार्जुन पिशवी घेऊन माझ्या पुढं गेला.

दार सिद्धम्मानंच उघडलं. उंच, गोरी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज मोजून मापून. "अगोबाई, विहीणबाई! सोमवारी आम्ही येणार होतो ना?"

"सिंधु कुठं हाय?"

"आंघोळीला निघालीय. बसा तरी, चहा..."

मी चपला न काढता आत घुसले. सिंधु न्हाणीच्या उंबऱ्यात उभी, हातात तांब्या, पोट पुढं आलेलं. भिंतीवर गिझरचा लाल दिवा. टाकीचा पांढरा पत्रा मधून फुगलेला, आन् आत कट्कट् वाजत होतं. सिंधुनं "अव्वा!" म्हणून हाक मारली, मी तिला दंडाला धरून अशी ओढली की तांब्या फरशीवर गडगडत गेला. मल्लिकार्जुन आमच्या दोघींच्या मधून आत शिरला. बटन बंद केलं. आन् तिथंच टाकीकडं पाठ करून उभा राहिला, हात पसरून, जणू फुटली तर त्याच्या पाठीनं ती अडणार होती.

"बाहेर व्हा सगळे," तो म्हणाला. "निवू द्या."

आम्ही सगळ्याजणी अंगणात आलो. तो आतच. अर्धा घंटा गेला असंल. मग तोटी जराशी फिरवल्याचा आवाज आला, वाफेची शिट्टी वाजली, मग पाणी आलं. लई येळ आलं. तो ती पितळी तोटी हातात घेऊन बाहेर आला, सदरा घामानं चिंब.

 सिद्धम्मा म्हणाल्या, "झालं तरी काय, कुणी सांगंल का?"

मल्लिकार्जुननं माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं बघून हसला. "काय न्हाई काकू. ह्या मालाची एक खोड निघाली, कंपनीनं कळवलं. अक्का म्हणाल्या लगेच चल. तुमच्या काळजीपोटी आल्या बघा एवढ्या लांब."

मी खरं सांगते, माझ्या जिभेवर 'हाव, तसंच हाय' आलं होतं. त्यानं स्वतःला वाचवलं, पण मला बी वाचवलं होतं. एवढंच म्हणायचं, की माझी शान राहते, सोमवारी सिंधु लातूरला येते, भिंत आन् हौद तो दोन दिवसांत उभा करतो, दागिना मोडून मी टँकरचं पाणी भरते. कुणाला काही कळत न्हाई. माझी पोर माझ्या घरी बाळंत होते. महिनाभर मी ह्या एकाच गोष्टीसाठी जीव टाकला होता.

पण सिंधु दंड चोळत उभी होती. जिथं मी धरलं तिथं पाच बोटं उठली होती.

"खोटं बोलू नको मल्लिकार्जुन," मी म्हणाले.

त्याचं हसू गेलं. त्यानं तोटी ओट्यावर ठेवली. "काकू, चूक माझी हाय," तो म्हणाला. "हे तोंड उघडं ठेवायचं असतंय. मी बंद केलं. कागदावर लिहिलं होतं, मला वाचता आलं न्हाई, मी कुणाला विचारलं न्हाई. आज सकाळी अक्काच्या घरचा फुटला. भिंत पडली, हौद फुटला. इथला बी आज फुटणार होता."  त्यानं शेवटपर्यंत सांगितलं.

 सिद्धम्मा माझ्याकडं वळल्या. "ह्याला आमच्याकडं कुणी धाडलं होतं?"

त्यांना मालूम होतं. माझ्या तोंडून पाहिजे होतं. मी त्यांच्या जागी असते तर मी बी तेच केलं असतं.

"मी," मी म्हणाले. "त्याला काम येतंय का ते बघितलं न्हाई, फुशारकी मारायला धाडला. तुमच्या सुनेच्या डोक्यावर ती टाकी त्यानं टांगली, पण टांगणाऱ्याला मी आणलं. आन् माझ्या घरी आता थेंबभर पाणी न्हाई. तुमचं म्हणणं बरोबर होतं. सिंधुला इथंच ठेवा."

एवढं बोलले आन् हमालाला, फिटरला, अख्ख्या आळीला गप करणारी मी, विहिणीच्या अंगणात पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले.

 सिद्धम्मा आधी मल्लिकार्जुनला म्हणाल्या, "तू सकाळच्या गाडीनं लातूरला जा. बाकीच्या घरी बी असंच सांग, जसं इथं सांगितलंस. एक घर गाळायचं न्हाई. मग ह्यांचा हौद बांधून दे. मी माणूस धाडून चौकशी करीन." त्यानं मान डोलावली. नंतर मालकांनी मला सांगितलं, तो खरंच आठी दारांत उभा राहिला. दोघांनी त्याला हाकलून दिलं, सहाजणांनी परत कामाला बोलावलं. आता कंचाबी कागद आला की तो तसाच शेषेरावांच्या जिन्याशी जाऊन बसतो, वाचून घेतल्याबिगर पाना उचलत न्हाई.

मग त्या माझ्याजवळ आल्या. "बाळंतपण इथंच होईल," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

"आन् ते तुम्ही करायचं," त्या म्हणाल्या. "आजपासून इथंच राहायचं."

"अहो, पहिलं नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरी राहत न्हाईत आमच्यात. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. स्वतःची चूक सांगायला एवढ्या लांबून उपाशीपोटी येणारं माणूस मला माझ्या सुनेपाशी पाहिजे. असं माणूस मला नायगावात कुठं मिळंल?"

सिंधुनं माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली, चांगली जोरात. सिद्धम्मा म्हणाल्या, "आजीवर गेलंय," आन् मी रडता रडता हसले.